आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायचा म्हणजे नेमके काय शिकायचे?

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडवण्यात आल्या. आंबा नासलेला नव्हता. अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय आंब्यावर फळमाशीच्या बंदोबस्तासाठी विकिरण प्रक्रिया करावीच लागते आणि ती झाल्याचा दाखला खेपेसोबत जावा लागतो. प्रक्रिया नवी मुंबईत रीतसर झाली होती, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. पण सोबतच्या फॉर्ममध्ये गफलत असल्याने अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो ग्राह्य धरला नाही. माल परत न्या किंवा इथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय उरले. परतीचे विमानभाडे आणि पिकत चाललेले फळ यांचा हिशेब कोणत्याच बाजूने जमत नव्हता, त्यामुळे आंबा तिथेच नष्ट करावा लागला.

ही बातमी बहुतेकांनी हळहळून वाचली आणि सोडून दिली. ‘इंटरनॅशनल बिझनेस’ नावाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी मात्र ती पुन्हा वाचावी, कारण या क्षेत्रातले रोजचे काम कसे असते हे माहितीपत्रकांपेक्षा तिच्यातून जास्त कळते. माहितीपत्रकावर काचेच्या इमारती, विमाने आणि कोट घातलेली माणसे असतात. प्रत्यक्षात या व्यवसायात माल एका वाटेने जातो, कागद दुसऱ्या वाटेने जातात आणि पैसा तिसऱ्या वाटेने येतो; या तिघांचा मेळ घालणे, आणि तो बिघडला तर नुकसान कोणाच्या अंगावर पडणार हे आधीच लिहून ठेवणे, याचेच हे शिक्षण आहे. अभ्यासक्रम चांगला की वाईट, हेही माझ्या मते याच कसोटीवर ठरवावे.

देशातला व्यापार आणि देशाबाहेरचा व्यापार

सोलापूरचा टॉवेल पुण्याला विकला, तर विकणारा आणि घेणारा एकाच कायद्याखाली असतात, एकाच चलनात हिशेब करतात आणि भांडण झालेच तर एकाच न्यायव्यवस्थेत दाद मागतात. तोच टॉवेल हॅम्बुर्गला विकला की यातले एकही गृहीतक उरत नाही. पैसे बुडाले तर सोलापूरचा कारखानदार जर्मनीत वकील लावून खटला लढवील, ही शक्यता फार थोडी. माल वाटेत तीन-चार आठवडे असतो, त्या काळात युरोचा भाव हलतो, आणि दोन्ही देशांची सरकारे मध्येच नियम बदलू शकतात.

महाविद्यालयात पहिल्या सत्रात शिकवला जातो तो भाग याहून मोठ्या प्रश्नाचा असतो: देश मुळात व्यापार का करतात? डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचे उदाहरण घेऊन दाखवले की, एखादा देश दोन्ही वस्तू स्वस्तात बनवू शकत असला तरी ज्या वस्तूत त्याची सरशी अधिक आहे तीच बनवून दुसरी विकत घेण्यात दोघांचाही फायदा असतो. हा विचार समजून घ्यावा, परीक्षेत लिहावा. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत त्याची गरज क्वचितच पडते. गरज पडते ती पुढच्या गोष्टींची.

माल कोणता, हे आकड्यांत सांगावे लागते

प्रत्येक देशाच्या सीमाशुल्क खात्याला, म्हणजे कस्टम्सला, मालाचे नाव नको असते, त्याचा क्रमांक हवा असतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ‘एचएस कोड’ ही क्रमांकपद्धती १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात आणि पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात एकूण आठ आकडे वापरतात, अमेरिकेत दहा. ताज्या द्राक्षांचे सहा आकडे ०८०६१० असे आहेत, तर बेदाण्याचे ०८०६२०.

इथपर्यंत सोपे वाटते. आता सोलापूरचाच माल जवळून पाहू. कापसाचा, अंगावर धाग्याचे फेरे (लूप) असलेला टेरी टॉवेल ६३०२६० मध्ये जातो. त्याच कारखान्यातला, त्याच सुताचा, पण फेरे नसलेला सपाट विणीचा स्वयंपाकघरातला पुसणा ६३०२९१ मध्ये जातो. पलंगावरची चादर याच शीर्षकाखाली, पण तिसऱ्याच क्रमांकात. आयातशुल्क, परतावा आणि मुक्त व्यापार करारातली सवलत, सगळे त्या क्रमांकावर अवलंबून असल्यामुळे चुकीच्या क्रमांकाने गेलेला कंटेनर परदेशी बंदरात अडकू शकतो आणि तिथले जागाभाडे रोज चढत जाते. वीण कोणती, फेरे आहेत की नाहीत, धाग्यात कापूस किती टक्के, हे ज्याला मालाला हात लावून सांगता येते तोच हे काम नीट करतो. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने किमान एका मालाची ओळख कारखान्यात किंवा शेतात जाऊन करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जबाबदारी कोणत्या उंबरठ्यावर संपते

समजा, टॉवेलचा कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर उलटला, किंवा जहाजावर पाण्याने भिजला, किंवा रॉटरडॅमला उतरल्यावर गोदामात जळाला. तिन्ही वेळा नुकसान कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर सौदा होतानाच तीन अक्षरांत लिहून ठेवण्याची पद्धत आहे. त्या तीन अक्षरी संज्ञांना ‘इन्कोटर्म्स’ म्हणतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने त्या १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या. सध्या चालू असलेली आवृत्ती २०२० ची आहे आणि तिच्यात अकरा संज्ञा आहेत.

आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी संज्ञा ‘एफओबी’. तिचा अर्थ असा, की माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि धोका विकणाऱ्याचा, त्यापुढचा घेणाऱ्याचा. ‘सीआयएफ’मध्ये जहाजभाडे आणि विमा विकणारा भरतो, पण धोका मात्र माल जहाजावर चढताच घेणाऱ्याकडे जातो. या दुसऱ्या वाक्यात भलेभले गोंधळतात, कारण पैसे मी भरले म्हणजे जबाबदारीही माझीच, असे सामान्य व्यवहारात आपण धरून चालतो.

गंमत अशी, की कंटेनरच्या मालासाठी एफओबी वापरू नये, ‘एफसीए’ (माल वाहतूकदाराच्या हाती देताच धोका घेणाऱ्याकडे जातो ती संज्ञा) वापरावी, असे स्वतः वाणिज्य मंडळच सांगते. कंटेनर जहाजावर चढण्याच्या कित्येक दिवस आधी निर्यातदाराच्या हातून निघून टर्मिनलच्या ताब्यात जातो. एफओबीत त्या मधल्या दिवसांचा धोका मात्र त्याच्याच नावावर राहतो, जरी माल त्याच्या नजरेसमोरही नसला तरी. तरीही आपल्याकडच्या इन्व्हॉइसवर एफओबी न्हावा शेवा असेच सर्रास लिहिले जाते, कारण वडिलांच्या काळापासून तसेच चालत आले आहे आणि बायरलाही तेच परिचयाचे आहे. शिकलेल्या नव्या माणसाने पेढीत शिरल्यावर विचारण्यासारखा हा पहिला प्रश्न आहे.

याच संज्ञांमुळे अमेरिकी टॅरिफची बातमीही नीट कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा हे पैसे भारताने भरायचे आहेत, असा अनेकांचा समज झाला. शुल्क अमेरिकी कस्टम्सकडे भरतो तो तिथला आयातदार. पण तो गप्प बसत नाही. भाव पाडून मागतो, ऑर्डर अर्धी करतो किंवा दुसऱ्या देशाकडे वळतो, आणि अशा रीतीने झळ इथल्या कारखान्यापर्यंत येते. ज्याने ‘डीडीपी’ या संज्ञेने सौदा केला असेल, म्हणजे शुल्कासह घरपोच माल देण्याचे कबूल केले असेल, त्या निर्यातदारावर तर पूर्ण भार थेटच पडतो. बातमी एकच असते. तुम्हाला ती किती झोंबणार हे तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लिहिलेली तीन अक्षरे ठरवतात.

पैसे मिळतील, हे कशावरून?

बाजार समितीत शेतकरी कांदा घेऊन येतो तेव्हा बाहेरगावच्या व्यापाऱ्याला तो ओळखत नसतो. तो ओळखतो आडत्याला. व्यापाऱ्याने पैसे आज दिले काय आणि पंधरा दिवसांनी दिले काय, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या पैशांचा हिशेब, आडत्या करतो, कारण आडत्याची दोघांकडेही पत असते. परदेशी व्यापारात ही आडत्याची जागा बँक घेते. घेणाऱ्याची बँक असे लिहून देते की, अमुक मुदतीत, अमुक कागद सादर केलेत तर पैसे आम्ही देऊ. या पत्राला ‘लेटर ऑफ क्रेडिट’ किंवा बोलीभाषेत ‘एलसी’ म्हणतात.

फरक एकच, पण तो मोठा आहे. आडत्या माल डोळ्यांनी पाहतो. बँक माल कधीच पाहत नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीत हे स्पष्ट लिहिले आहे, की बँकेचा संबंध कागदांशी आहे, मालाशी नाही. टॉवेल उत्तम असले आणि कागदात विसंगती असली तर बँक पैसे नाकारू शकते. उलट टॉवेल फाटके असले आणि कागद चोख असले तर, उघड लबाडीचा मामला सोडल्यास, तिला पैसे द्यावेच लागतात. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती, घेऊन बँकेत जायला निर्यातदाराला साधारणपणे माल रवाना झाल्यापासून २१ दिवस मिळतात, तेही एलसीच्या मुदतीच्या आत.

विसंगती म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी एक बारकावा सांगतो. इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलेच पाहिजे. पण पॅकिंग लिस्ट किंवा बिल ऑफ लेडिंगवर ढोबळ वर्णन चालते, फक्त ते विरोधी असता कामा नये. म्हणजे एलसीत ‘पांढरे कापसाचे टेरी टॉवेल’ लिहिले असेल, तर बिल ऑफ लेडिंगवर नुसते ‘कापसाचे टॉवेल’ चालेल, इन्व्हॉइसवर चालणार नाही. असल्या तपशिलांना कंटाळणाऱ्याने या क्षेत्रात येण्याआधी दोनदा विचार करावा.

सगळा व्यापार एलसीवर होतो, असा समजही करून घेऊ नये. पाठ्यपुस्तके त्याला फार जागा देतात म्हणून तो होतो. नाशिक भागातून युरोपला जाणारी बरीच द्राक्षे भरवशावर जातात, आणि काही वेळा तर भाव न ठरवताच जातात: माल तिकडे विकला जाईल, आयातदार आपले कमिशन आणि खर्च वजा करील आणि उरलेली रक्कम पाठवील. याला ‘कन्साइनमेंट’ म्हणतात. नाशवंत मालात भांडायला वेळ नसतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अवशेष युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा या पद्धतीतला धोका अखेर बागायतदारापर्यंत पोहोचला. त्यानंतर तपासणीच्या यादीत ते रसायन आले. कोणत्या बागेतली द्राक्षे कोणत्या खोक्यात आहेत हे शोधून काढणारी ‘ग्रेपनेट’ ही अपेडाची, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, यंत्रणा तेव्हाही होती; रसायन कोणते मोजायचे, हे मात्र यंत्रणेला माणसानेच सांगावे लागते.

घेणारा बुडवील या भीतीवर उपाय म्हणून १९५७ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी निर्यातदाराला विमा देते. नवख्या निर्यातदारांना तिचे नाव ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

चलनाचा खेळ

समजा, वीस हजार युरोचा सौदा युरो शंभर रुपयांना असताना ठरला आणि पैसे येईपर्यंत युरो सत्याण्णव रुपयांवर आला. साठ हजार रुपये कोणतीही चूक न करता गेले, आणि बऱ्याच सौद्यांत नफाच तेवढा असतो. बँकेशी आजच पुढच्या तारखेचा दर ठरवून टाकता येतो. त्याला फॉरवर्ड करार म्हणतात. पुढे युरो वधारला तर तो लाभही मिळत नाही, हे त्याचे मोल. मोबाइलवर चलनाची सट्टेबाजी शिकवणाऱ्या जाहिराती आणि हा विषय यांचा काडीमात्र संबंध नाही.

सरकारची अधिसूचना वाचता येणे

कांद्याचे उदाहरण महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको, पण ते क्रमाने मांडले की त्यातला धडा दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर हे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. यातली बंदी आणि किमान मूल्य हे वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीएफटीचे निर्णय. शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाचे. दोन कार्यालये, दोन वेगळ्या अधिसूचना. एकीकडचा आदेश वाचून दुसरीकडचा राहिला, तर ट्रक बंदरापर्यंत जाऊन उभा राहतो.

डिसेंबरच्या बंदीच्या अधिसूचनेत काही सुटकेच्या वाटाही होत्या. ज्या मालाची जहाजावर चढवणी आधीच सुरू झाली होती, किंवा जो माल अधिसूचनेआधीच कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला होता, तो जाऊ शकत होता. त्या रात्री ज्या पेढीत हे कलम वाचून आपले शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगू शकणारा माणूस होता, त्या पेढीला त्याच्या पगाराची किंमत एका रात्रीत कळली असेल.

मुक्त व्यापार करारांचेही असेच आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात करारावर सह्या झाल्या आणि भारतीय कापड-वस्त्रांवरचे १२ टक्क्यांपर्यंतचे ब्रिटिश शुल्क शून्यावर आणण्याचे त्यात ठरले. अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. पण सवलत आपोआप मिळत नाही. माल खरोखर भारतातलाच आहे, तिसऱ्या देशातून आणून नुसता शिक्का मारलेला नाही, हे मूळ देशाच्या दाखल्याने सिद्ध करावे लागते आणि त्याचे नियम प्रत्येक करारात, प्रत्येक एचएस क्रमांकासाठी वेगळे असतात. करार झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते, आणि हे नियम शेकडो पानांच्या परिशिष्टात असतात. काम परिशिष्टात आहे.

कुठे शिकावे

केंद्र सरकारने १९६३ मध्ये स्थापन केलेली भारतीय विदेश व्यापार संस्था, म्हणजे आयआयएफटी, ही या विषयातली सर्वांत जुनी आणि मानाची संस्था. दिल्ली आणि कोलकाता येथील तिच्या एमबीएला पूर्वी स्वतंत्र परीक्षा होती. २०२४ च्या प्रवेशांपासून कॅटचे गुण धरले जातात. पुण्यात सिंबायोसिसची १९९२ पासूनची आंतरराष्ट्रीय व्यवसायाची स्वतंत्र संस्था आहे आणि तिचा प्रवेश स्नॅप परीक्षेतून होतो. बारावीनंतर लगेच शिकायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीबीए-आयबी हा अभ्यासक्रम आहे, जो पूर्वी बीएफटी या नावाने ओळखला जाई. बीबीएच्या प्रवेशासाठी २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली आहे, हे अनेक पालकांना ऐन वेळी कळते.

संस्थेची निवड करताना शिक्षकांना सरळ एक प्रश्न विचारावा: इथे विद्यार्थी पदवी घेईपर्यंत एकदा तरी संपूर्ण कागदपत्रांचा संच, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचा दाखला आणि एलसी, स्वतः भरून एकमेकांशी ताडून पाहतो का? उत्तर गुळमुळीत आले तर इमारत कितीही देखणी असली तरी फी भरण्याआधी थांबावे.

परदेशी भाषेबद्दल नेहमी विचारले जाते. जर्मन किंवा जपानी येत असेल तर पुण्याच्या वाहनउद्योगात तिला मागणी आहे, आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये या भाषा माफक खर्चात शिकता येतात. मात्र भाषा ही या कौशल्यांवरची भर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते, तीही थोडी अनाठायी आहे. इथले इंग्रजी ठरावीक साच्याचे असते आणि त्यात अलंकारापेक्षा अचूक तारीख, वजन आणि नाव यांना महत्त्व असते.

“हे सगळे सीएचए करून देतो, मग आम्ही कशाला शिकायचे?”

कस्टम्सचे काम पाहणाऱ्या परवानाधारक मध्यस्थाला कायद्यात आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण न्हावा शेव्याला सगळे अजून सीएचएच म्हणतात. तो अर्ज भरतो. तुम्ही दिलेल्या माहितीवर भरतो. २०११ पासून कस्टम्समध्ये स्वयंमूल्यांकनाची पद्धत आहे, म्हणजे क्रमांक आणि मूल्य बरोबर जाहीर करण्याची जबाबदारी मुळात निर्यातदार-आयातदाराचीच. शिवाय सीएचए होणे हीसुद्धा एक चांगली वाट आहे. २०१८ च्या नियमांनुसार परवान्यासाठी पदवीधर उमेदवाराला कस्टम्सच्या राष्ट्रीय अकादमीची लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. ती अवघड आहे, आणि ती उत्तीर्ण झालेल्या माणसाला ‘एफ कार्ड’वाला म्हणून बाजारात वेगळा मान असतो. ब्रोकरकडे नोकरी करणाऱ्यांसाठी त्याखालचे ‘जी कार्ड’ असते.

याखेरीज जहाजात जागा मिळवून देणाऱ्या फॉरवर्डर कंपन्या आहेत, बँकांचे ट्रेड फायनान्स विभाग आहेत, कारखान्यांचे परदेशी खरेदी विभाग आहेत, फळे निवडून, थंड करून खोक्यांत भरणारी पॅकहाऊस आहेत. बऱ्याच जणांना सुरुवात डॉक्युमेंटेशनच्या टेबलावरून करावी लागते आणि ‘एमबीए करून कारकुनी’ असे वाटून पहिल्या वर्षात मुले सोडून जातात. मला वाटते, ती घाई असते. लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, तेव्हा युरोपची द्राक्षे सुमारे दोन आठवडे उशिरा पोहोचू लागली. कोणता माल हा उशीर सोसेल, कोणत्या सौद्यात मुदतवाढ मागायची, वाढीव भाडे कोण देणार, हे निर्णय अशाच माणसांनी पटापट घेतले, ज्यांनी आधी काही वर्षे कागद चाळले होते. सरकारी सेवेची ओढ असणाऱ्यांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच इंडियन ट्रेड सर्व्हिसमध्येही जाता येते. डीजीएफटीत प्रामुख्याने तेच अधिकारी असतात.

“संगणकच अर्ज भरील, मग नोकऱ्या राहतील का?”

अर्ज भरण्यापुरत्या नोकऱ्या कमी होतील, यात शंका नाही. कस्टम्सचे ‘आइसगेट’ संकेतस्थळ कित्येक वर्षांपासून हे काम कागदाविना करते आहे. पण फेरे असलेला टॉवेल आणि सपाट पुसणा यांतला वाद अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा नमुना हातात घेऊन बाजू मांडावी लागते आणि सहीखालची जबाबदारी माणसाचीच असते. नुसती टंकलेखनाची गती हे ज्याचे भांडवल आहे त्याने काळजी करावी. नियमाचा अर्थ लावता येणाऱ्याने एवढी करू नये.

“नोकरी नको, स्वतःच निर्यात करायची असेल तर?”

पंधरा दिवसांत घरबसल्या निर्यातदार व्हा, अशा जाहिराती पाहून हा प्रश्न फार विचारला जातो. डीजीएफटीकडचा आयातदार-निर्यातदार क्रमांक, ज्याला आयईसी म्हणतात, तो पाचशे रुपये शुल्कात ऑनलाइन मिळतो आणि आता पॅन क्रमांकच आयईसी म्हणून चालतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. म्हणजे जाहिरातीत सांगितलेली गोष्ट खरी आहे, फक्त ती सर्वांत सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते खात्रीचा बायर मिळणे आणि पहिल्या दोन-तीन खेपांत भांडवल बुडू न देणे. ईसीजीसीकडून बायरची पत तपासून घ्यावी, सुरुवातीला काही रक्कम आगाऊ घ्यावी, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या मोठ्या ऑर्डरने हुरळून शेतकऱ्याला उधारीत गुंतवू नये.

त्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्याने प्रशिक्षणासाठी मुंबईतले मोठे कार्यालय धरण्याऐवजी उरणजवळच्या द्रोणागिरीत एखादा छोटा फॉरवर्डर गाठावा किंवा दिंडोरी-निफाडकडचे एखादे पॅकहाऊस. तिथे द्राक्षाचे खोके शून्य अंशाच्या आसपास थंड होताना, रासायनिक अवशेषांचा अहवाल येताना, कंटेनरचे सील लागताना आणि त्या सीलचा क्रमांक कागदावर उतरताना पाहायला मिळतो. निर्यातीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो आणि तेव्हा कोणालाही नवख्याला शिकवायला सवड नसते, म्हणून विचारणा दिवाळी झाली की लगेच करावी.